दहाच्या दहा फुगे

हॅरो क्रीक, नेब्रास्का
१४ मार्च १९९८

प्रिय ओपल आत्या,

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. मी पिस्तुलबाज होणार आहे.

साठाव्या वर्षी तू घोड्यावरून पिस्तुलाने फुगे फोडायला लागलीस तेव्हा 'माझ्या बहिणीच्या डोक्यात अ‍ॅरिझोनाचं ऊन गेलं' असं बाबा गावभर सांगत फिरले होते. आता लेकीबद्दल काय सांगतील कोण जाणे, इथे तर अजून बर्फ आहे.

झालं असं. माझ्या आणि ड्वेनच्या घटस्फोटात सगळ्याची वाटणी सुरळीत झाली. घर मला, ट्रॅक्टर त्याला, आणि कुत्र्याने आपला निर्णय आपणच घेऊन माझ्या सोफ्यावर मुक्काम ठोकला. अडलं ते डीकनपाशी. ड्वेन म्हणतो, शिंगरू होता तेव्हापासून त्याला मी घडवलं. मी म्हणते, सहा वर्षं त्याचं खाणंपिणं, खरारा, दुखणीखुपणी कुणी काढली? दोन वकील दमले. शेवटी परवा ड्वेन राहिलेले बूट न्यायला आला आणि स्वयंपाकघरात आमची जुंपली.

"तू त्याच्यावर नुसती बसतेस गं," तो म्हणाला. "बसणं वेगळं आणि घोडेस्वारी वेगळी."

फ्रिजवर तुझा फोटो आहे ना, लाल घागऱ्यातला, पिस्तुलातून धूर निघतोय तो? माझं बोट आपसूक तिकडे गेलं. "ऑगस्टच्या जत्रेत डीकनवर बसून हे करून दाखवते. दहाच्या दहा फुगे!"

ड्वेन इतका हसला की कॉफी नाकातून आली. मग माझंही टाळकं सटकलं. कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडून मागे लिहिलं: जत्रेत डार्लीनने डीकनवरून दहाही फुगे फोडले तर घोडा तिचा, एकही राहिला तर ड्वेनचा. खाली दोघांच्या सह्या.

जत्रा बावीस ऑगस्टला. तेव्हा घोड्याला गोळीबाराची सवय कशी लावतात ते मला सविस्तर कळव. डीकन आवाजाला फार घाबरतो. फार म्हणजे फार.

तुझी,
डार्लीन

*

विकेनबर्ग, अ‍ॅरिझोना
२३ मार्च

प्रिय डार्ली,

लग्न करताना मला विचारलं नाहीस, घोड्यासाठी विचारतेस. म्हणजे उशिरा का होईना, अक्कल आली.

आता नीट ऐक. दोन पिस्तुलं, प्रत्येकात पाच बार. गोळी नसते, नुसती दारू. तिच्या ठिणग्या पाच-सहा पावलं जातात, तेवढ्याने फुगा फुटतो. एक हात लगामाला, एक पिस्तुलाला, आणि दर बाराला अंगठ्याने खटका मागे ओढायचा. हे सगळं माणसाला महिन्याभरात येतं. घोड्याला मात्र पटवावं लागतं.

पहिल्या दिवशी खरं पिस्तूल काढलंस तर मी तिथे येऊन तुला झोडपीन. आधी लहान मुलांचं टिकल्यांचं पिस्तूल आण. डीकनपुढे चंदीची बादली ठेव, तू त्याच्याजवळ उभी राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पन्नास पावलांवरून टिकली वाजवायला सांग. टिकली वाजली की डीकनला मूठभर ओट. पुन्हा टिकली, पुन्हा मूठभर ओट. त्याने मान वर करणं सोडलं की दहा पावलं पुढे.

मग खरी गंमत. टिकल्या वाजवणाऱ्याला पाठमोरं चालायला लाव आणि घोडा त्याच्या मागून ने. घोडा ज्याच्या मागे लागतो त्याला तो भीत नाही. त्याला वाटतं, या आवाजाला मीच पळवून लावलं. घोडा आणि नवरा, दोघांनाही असं वाटू द्यावं.

ठाणात फुगे टांगून ठेव. पुढे खरी दारू उडवशील तेव्हा त्याच्या कानांत लोकरीचे गोळे घाल आणि बार कधीही त्याच्या दोन कानांच्या मधून काढू नकोस, नेहमी बाजूला. घाई करायची नाही. टिकल्या वाजवायला कोण आहे?

तुझी,
ओपल आत्या

*

हॅरो क्रीक
१९ एप्रिल

प्रिय आत्या,

टिकल्या वाजवायला शेजारच्या नोवॉटनीकाकू आहेत. वय एकोणऐंशी, कानाने पार गेलेल्या, म्हणून त्यांना आवाजाचं काही नाही. टिकल्यांचं पिस्तूल हातात दिल्यावर म्हणाल्या, "कुणाला उडवायचंय? ड्वेनला?" मी ओरडून सांगितलं, कुणालाच नाही. त्या जरा हिरमुसल्या.

काम काही ठीक चाललेलं नाही. पहिली टिकली वाजली आणि डीकनने डोळे गच्च मिटून घेतले. दुसरीला अंगाला कापरं भरलं, तोंडाला कोरड पडली. तिसरीला तर किंचाळलाच. मग बादलीमागे जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. काकूंनी दहा मिनिटं समजूत घातली तेव्हा कुठे उठला.

तीन आठवडे हेच चाललंय, आत्या. काय करू? घोडा हातचा जाणार असं वाटायला लागलंय.

तुझी,
डार्लीन

*

विकेनबर्ग
२७ एप्रिल

डार्ली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग आमच्या पिस्तुलबाजांच्या क्लबात नेऊन मोठ्याने वाचून दाखवलं. एक जण हसता हसता खुर्चीवरून पडला.

पाचशे किलोचा घोडा बादलीमागे बसला? आणि त्याने कशाने कान झाकले म्हणालीस? नेब्रास्कात घोड्यांना हात फुटायला लागले असतील तर मला एक पाठवून दे, भांडी घासायला उपयोग होईल.

मला सांग, टिकली वाजते तेव्हा खरा डीकन काय करत असतो?

ओपल आत्या

*

हॅरो क्रीक
५ मे

आत्या,

चंदी खात असतो.

मान वरसुद्धा करत नाही मेला. मी बादलीमागे थरथरत असते आणि तो माझ्या डोक्यावरून मान घालून उरलेले ओट चाटत असतो.

सगळं सांगते, तू आता क्लबात वाचू नकोस. मी अडतीस वर्षांची बाई आहे आणि मला फटाक्याची भीती वाटते. काही कारण नाही. लहानपणी काही झालं नाही, कुणी दचकवलं नाही. जन्मापासून आहे. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिन म्हणून अख्खा देश फटाके उडवत असताना, मी तळघरात लोणच्यांच्या बरण्यांशेजारी बसलेली असते. ड्वेन अकरा वर्षं माझं त्या दिवशीचं जेवण ताटात घालून खाली आणून द्यायचा. त्याच्याइतकं हे कुणालाच माहीत नाही. म्हणून तर कॉफी नाकातून आली.

तुला लिहायची लाज वाटली. वाटलं, उपाय घोड्याच्या नावाने विचारून घेऊ आणि गुपचूप स्वतःवर करू. पण शंभर दिवस उरलेत आणि मी पहिल्याच टिकलीवर अडकले आहे. डीकन गेला तर मला सहन होणार नाही. सकाळी तो दाराशी येऊन खिडकीच्या काचेवर नाक घासतो, त्यावर माझा दिवस सुरू होतो. बाकी काही गेलं तरी चालेल.

डार्लीन

*

विकेनबर्ग
१३ मे

माझ्या गुणी पोरी,

ऐक. माझ्या पहिल्या मोसमात मी सगळे बार डोळे मिटून काढले. लोक मला 'प्रार्थनावाली बाई' म्हणायचे. एकदा डोळे उघडले तेव्हा फुगा शाबूत होता आणि पंचाच्या टोपीतून धूर येत होता. तो अजून मला चार हात लांबूनच नमस्कार करतो.

आता घोड्याचं शिक्षण पुरे. तूच घोडा आहेस असं समजून पहिल्यापासून सुरू कर. तुला जगात सगळ्यात काय आवडतं खायला? ते काकूंना करायला सांग. त्या पन्नास पावलांवर उभ्या राहतील, टिकली वाजवतील, आणि वाजली की तू एक घास खायचास. घास आधी खाल्लास तर तो धरायचा नाही. मग काकूंना पाठमोरं चालायला लाव आणि त्यांच्या मागे लाग. पायी. बघणाऱ्यांना काय वाटेल याचा विचार करू नकोस, तुम्ही दोघी ज्या वयाच्या आहात त्या वयात लोकांना काहीही वाटलेलं चालतं.

डीकनला बरोबर ठेव. त्यालाही टिकलीमागे मूठभर ओट देत राहा. घोडा शेजारी निवांत खात असला की माणसालाही धीर येतो.

ओपल आत्या

*

हॅरो क्रीक
६ जुलै

आत्या!! आत्या!!!

सात आठवडे लिहिलं नाही कारण लिहायला हात मोकळा नव्हता. एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात कोलाचे.

नोवॉटनीकाकूंचे कोलाचे तू खाल्ले नाहीस, म्हणून तुझं आयुष्य अपुरं आहे. मऊ पाव आणि मध्ये जर्दाळूचा गोड गर. टिकली, घास. टिकली, घास. पहिल्या आठवड्यात मी रडत खाल्ले. दुसऱ्या आठवड्यात नुसतेच खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात काकू टिकली वाजवायला विसरल्या तर मी ओरडले, "काकू, वाजवा ना!" मग आपण काय बोललो ते लक्षात आलं आणि मी मातीतच बसले.

मग पाठलाग. काकू पुढे एप्रन लावून पाठमोऱ्या टिकल्या वाजवत चालल्या आहेत, मागे मी, माझ्यामागे डीकन. टपालवाल्याने गाडी थांबवली. म्हणाला, "सगळं ठीक आहे ना?" काकूंना ऐकू आलं नाही, त्यांनी त्याच्या दिशेने दोन टिकल्या उडवल्या. तो आता टपाल फाटकाबाहेरच टाकतो.

जूनमध्ये खरी दारू. पहिल्या बाराला मी खाली बसले. पाचव्याला उभी होते. वीस जूनला डीकनवर बसून मी पहिला फुगा फोडला, निळा होता, आणि तो फुटताना मी पाहिला! तुकडा उडून डीकनच्या आयाळीत अडकला. मी तो जपून ठेवला आहे.

आणि परवा चार जुलै. मी अंगणात खुर्ची टाकून बसले. छातीत धडधडत होतं, खोटं नाही बोलत, पण बसले. ड्वेन काहीतरी निमित्ताने दुपारी येऊन गेला. हातात झाकलेलं ताट होतं. मला अंगणात बघितलं, ताट कुत्र्याला दिलं आणि निघून गेला. आता हसावं म्हणावं कॉफी पिऊन!

डीकनचं तर विचारूच नकोस. बार म्हणजे त्याच्या लेखी जेवणाची घंटा. चर्चच्या सहलीत फटाके वाजायला लागले तेव्हा हा पठ्ठ्या कुंपण ओलांडून तिथे हजर. फटाका वाजला की जवळच्या माणसापुढे जाऊन उभा. पाळकसाहेबांनी शेवटी त्याला बटाट्याचं सॅलड दिलं.

तुझी (पिस्तुलबाज),
डार्लीन

*

विकेनबर्ग
१४ जुलै

डार्ली,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि तशीच कागद-पेन घेऊन बसले.

तू अजून प्रत्येक बारामागे त्याला ओट देतेस का? थांबून?

चूक माझी आहे. घोड्याची भीती गेली की ओट बंद करायचे असतात, हे मी लिहायचंच विसरले. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं, म्हणून सुचलंच नाही. आज, आत्ता, बंद कर. नाहीतर जत्रेत तो पहिल्या फुग्याला थांबेल आणि हात पुढे करेल. (आता मीही लिहिलं बघ हात.)

ओपल आत्या

*

हॅरो क्रीक
१२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बंद केले. डीकननेही काम बंद केलं. बार झाला की खांबासारखा उभा राहतो आणि मान वळवून माझ्या गुडघ्याकडे बघतो. टाच मारली, चुचकारलं, काकूंनी मागून केरसुणी दाखवली. ओट मिळेपर्यंत ढिम्म. मिळाले की मात्र असा सुटतो की माझी टोपी मागे राहते.

दहा दिवसांत त्याला काही नवीन शिकवणं शक्य नाही. म्हणून मी ठरवलंय. खिशात ओट घेऊन जायचे आणि प्रत्येक बारानंतर द्यायचे. फेब्रुवारीच्या पानावर दहा फुगे लिहिलेत, किती वेळात ते लिहिलेलं नाही.

तू त्या दिवशी तुझ्या स्पर्धेत असशील. माझ्यासाठी एक फुगा डोळे मिटून फोड.

तुझी,
डार्लीन

*

हॅरो क्रीक
२३ ऑगस्ट

प्रिय ओपल आत्या,

काल जत्रा झाली. पहिल्यापासून सांगते, मध्ये पान उलटून शेवट बघू नकोस.

रिंगणाभोवती अख्खं गाव. नोवॉटनीकाकू पहिल्या रांगेत, मांडीवर कोलाचेचा डबा. ड्वेन पलीकडच्या कुंपणाला टेकून, टोपी डोळ्यांवर. त्याचा ट्रेलर मी येतानाच पाहिला होता, मागचं दार फाटकाकडे करून लावलेला. घोडा लगेच चढवता यावा म्हणून.

माझं नाव पुकारलं. डीकन असा सुटला की बघणाऱ्यांनी 'ओहो' केलं. पहिला फुगा, धडाड! फुटला. डीकन जागच्या जागी थांबला. मान वळवून वरचा ओठ माझ्या गुडघ्याला लावला. मी पिस्तूल कमरेला खोचलं, खिशात हात घातला आणि पुढे वाकून त्याला ओट दिले.

पुढची रांग उठून उभी राहिली. लोकांना वाटलं घोड्याला काही झालं. दुसऱ्या फुग्याला पुन्हा तेच झालं तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्याला सगळेच. चौथ्यापासून लोक एका सुरात मोजायला लागले. माइकवरचा माणूस म्हणाला, "घड्याळवाल्यांनी हवं तर जेवून यावं." मी स्वतः इतकी हसत होते की पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये पिस्तूल बदलताना ते हातातून निसटता निसटता वाचलं. आत्या, मी हसत होते! बार काढत होते आणि हसत होते!

पण हसताना हात हलतो. ओट सांडत होते, माझ्या लक्षातच आलं नाही. नववा फुगा फुटला, डीकन थांबला, त्याने मान वळवली, आणि माझा खिसा रिकामा होता. दुसरा खिसाही.

दहावा फुगा वीस पावलांवर. पिवळा. मी टाच मारली. डीकन ढिम्म. मी चुचकारायला गेले तर तोंडाला अशी कोरड पडली होती की आवाज फुटेना. लोकांचं हसणं हळूहळू थांबलं. गावात सगळ्यांना फेब्रुवारीच्या पानाबद्दल माहीत होतं, इथे काही लपत नाही. काकू डबा घेऊन उभ्या राहिल्या, त्यांना पंचाने खाली बसवलं, बाहेरून खायला देता येत नाही म्हणून. मी डीकनच्या मानेवर हात ठेवला आणि म्हटलं, "राजा, एकदाच. एवढं एकदाच." त्याने मला गुडघ्यावर ढुशी दिली. ओट कुठायत?

मला रडू यायला लागलं. मग पलीकडून आवाज आला. टॉक-टॉक.

जीभ टाळूला लावून दोनदा. ड्वेनची ती पहिल्यापासूनची खूण. डीकन शिंगरू असताना त्याला चालायला शिकवलं ते याच आवाजावर. डीकनचे कान टवकारले आणि तो निघाला. मी डोळे पुसले नाहीत, वेळच नव्हता. पिवळा फुगा जवळ आला, मी हात लांब केला, अंगठ्याने खटका ओढला, आणि तो फुटला.

वेळ लागला तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. माइकवरचा माणूस म्हणाला, या रिंगणात इतका हळू कुणीच कधी गेलेलं नाही. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काकूंनी माझ्या तोंडात अख्खा कोलाचे कोंबला.

मग मी डीकनला घेऊन ड्वेनकडे गेले.

"मुद्दाम केलंस?" मी विचारलं.

"काय?"

"टॉक-टॉक."

"घोडा अडलेला दिसला की होतं आपोआप. सवय."

"ड्वेन."

"ते पान आणलंयस ना? सही कुठे करू सांग." आणि त्याने ट्रेलरच्या पत्र्यावर पान ठेवून खाली लिहिलं: घोडा डार्लीनचा. वर तारीख टाकली. मग पेनाचं टोपण लावण्यात बराच वेळ घालवला.

ट्रेलरचं दार उघडं होतं म्हणून मी आत पाहिलं. त्याने सगळा ट्रेलर धुऊन काढला होता. खाली गुडघाभर नवा पेंढा, कोपऱ्यात जाळीत ताजं गवत, आणि एक नवी कोरी बादली. पाच महिने मला वाटत होतं की तो हे मला हरवायला करतोय.

"एवढा पेंढा परत नेऊन मी काय करू," तो म्हणाला. मग तो गाडी घेऊन माझ्यामागे घरी आला. आम्ही दोघांनी दोन दाताळी घेऊन सगळा पेंढा डीकनच्या ठाणात टाकला. डीकन मध्ये मध्ये येत होता, ड्वेन त्याला, त्याच्या चर्चवाल्या नावावरून, "सरक, पुजाऱ्या" म्हणून बाजूला करत होता. जाताना त्याने डीकनच्या कपाळावर तळवा ठेवला, माझ्याकडे बघून टोपीला हात लावला आणि म्हणाला, "डोळे उघडे होते तुझे. मी बघितलं." रिकामा ट्रेलर रस्त्यावर फार वाजतो, वळणापर्यंत ऐकू येत होता.

घोडा माझा झाला, आत्या. दहाही फुगे मी फोडले, हे खरं. पण डीकन मला ड्वेनने दिला. गावात हे मी कुणाला सांगणार नाही. तुला सांगितलं.

तुझी,
डार्लीन